अभिषेकाचं पाणी

“खेचर? और हमको?” दादा इतक्या मोठ्यानं हसला, की टपरीच्या पत्र्यावर बसलेला कावळासुद्धा दचकून उडाला. “बाई, हम सह्याद्रीके लोग है. गड चढ चढके हमारे पाय लोखंडके हो गये है.”

चहावाल्या बाईला सह्याद्री ठाऊक नव्हता. तिनं दादाच्या लोखंडी पायांकडे बघितलं. त्यांत शाळेच्या कवायतीचे कॅनव्हासचे बूट होते, खडूची पूड लावून पांढरेशुभ्र केलेले. मग तिनं वहिनीच्या चपला बघितल्या, चपलांत कसेबसे कोंबलेले लोकरीचे मोजे बघितले, अंगावरचं सुती पातळ बघितलं, आणि त्यातल्या त्यात शहाणी दिसणारी म्हणून माझ्याकडे वळून तिनं विचारलं, “आज ही ऊपर तक? बुग्याल में रात नहीं रुकोगे?”

बुग्याल म्हणजे डोंगराच्या खांद्यावरचं गवताचं कुरण. तिथं एक धर्मशाळा होती. शिखरनाथाला जाणारा माणूस तिथं एक रात्र काढायचा, अंगाला उंचीची सवय करून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी वर देवळात जायचा, अशी तिकडची रीत होती. आम्हीही तसंच ठरवलं होतं. पण वाटेत दरड कोसळली, बस अडकून पडली आणि मुक्कामाचा दिवस तिथंच गेला. हरतालिका मात्र आजचीच होती. तिथी काही दरड उपसायची वाट बघत बसत नाही.

“मुक्काम-बिक्काम काही नको,” दादा म्हणाला. “गडावर आम्ही मुक्काम करतो तो चांदणं बघायला, दमलो म्हणून नाही. चला!”

बाईनं तिघांसाठी चहा ओतला होता. वहिनीनं हात जोडले. “मेरा उपवास है.”

“चाय भी नहीं?”

“पानी भी नहीं,” मी म्हणाले.

बाईनं चहाचा पेला खाली ठेवला. “तीज घर में बैठ के करते हैं, बहन. चढ़ाई पर नहीं.” मग दादाकडे बघून तिनं सांगितलं, बुग्यालच्या वर पाण्याचा थेंब नाही, तिथूनच भरून घ्या. दादानं पट्ट्याची बाटली खांद्याला लटकवली, सलाम ठोकला आणि निघाला. कवायतीला निघाल्यासारखा.

या गोष्टीला आता तीस वर्षं होऊन गेली. दादा म्हणजे त्र्यंबक कानडे, वाईच्या एका शाळेचा हेडमास्तर, माझा सख्खा थोरला भाऊ. सुट्टी लागली की मुलांना घेऊन गडावर आणि शाळा भरली की वर्गात गडाच्या गोष्टी. आवाज खणखणीत, विनोद तयार, चार माणसांत बसला की चाळीस माणसं गोळा व्हायची. मी त्याची धाकटी बहीण नर्मदा. लग्न केलं नाही. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून सारा जन्म गेला. सुट्टीचे दिवस मी त्याच्याच घरी काढायचे, कारण तिथं इंदूवहिनी होती.

वहिनीला मूलबाळ नव्हतं. त्यावरून सासूनं, म्हणजे आमच्याच आईनं, तिला जेवढं बोलायचं तेवढं बोलून घेतलं होतं. दादानं तिला कधी उणा शब्द काढला नाही, पण आईलाही कधी गप्प केलं नाही. वहिनी मात्र सगळ्यांचं सगळं करून वर हसायची. मला ‘वन्सं’ म्हणायची ते अगदी नाटकातल्यासारखं, डोक्यावर पदर ओढून, आणि मग दोघी हसत सुटायचो.

आदल्या साली दादाला विषमज्वर झाला आणि उलटला. तीन आठवडे ताप उतरेना. दवाखान्यात मी त्याच्या उशाशी आणि वहिनी पायाशी. एका दुपारी दादा बरळायला लागला, तेव्हा तिनं त्याचे पाय धरले आणि नवस बोलली, “ह्यांना वाचव, शंकरा. तुझ्या डोंगरावर येऊन निर्जळी हरतालिका करीन. कृष्णेच्या पाण्यानं तुला न्हाऊ घालीन.”

दादा बरा झाला. नवस कळला तेव्हा पोट धरधरून हसला. हरतालिकेची त्याला दरसाल मजा वाटायची. गल्लीतल्या बायका वाळूचं लिंग मांडून पूजेला बसल्या, की हा ओट्यावरून ऐकवायचा, “अहो, बायकांनी उपाशी राहून नवऱ्यांची आयुष्यं वाढत असती, तर सरकारनं दवाखाने बंद करून वरीची दुकानं काढली असती!” बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पण हिमालय म्हटल्यावर गडी एका पायावर तयार झाला. “चला, हिच्या नवसानं आमचा हिमालय तरी होईल,” म्हणाला. गणपती आमच्या चुलत्यांकडे बसायचा, त्यामुळे चतुर्थीला घरी असायलाच हवं असं नव्हतं. दादानं रजा काढली, रेल्वेची तिकिटं काढली, आणि सोबतीला म्हणून मला ओढलं.

तयारी म्हणाल तर एवढीच. दादाचे बूट, एक घोंगडी, दोन स्वेटर, प्लॅस्टिकचे रेनकोट आणि दशम्यांचा डबा. आणि वहिनीचा फिरकीचा तांब्या. आईच्या काशीयात्रेतला तो तांब्या तिनं घाटावर नेऊन कृष्णेच्या पाण्यानं भरला होता, फिरकीवर धुवट फडकं घट्ट बांधलं होतं आणि वाईपासून गढवालापर्यंत मांडीवरून खाली ठेवला नव्हता. रेल्वेत एका माणसाचा पाय लागला, तर त्यालाच नमस्कार करायला लावला.

बुग्यालपर्यंतची चढण सोपी गेली. वहिनी इतकी खुशीत मी कधी पाहिली नव्हती. लग्नानंतर बावीस वर्षांत ती वाईबाहेर गेली ती जेजुरीला आणि माहेरी. इथं ढग पायाखाली बघून ती मधेच उभी राहायची.

“वन्सं, अहो बघा तरी! आपल्या खाली पाऊस पडतोय!”

“बघितलं. जरा हळू चला.”

“पार्वतीला इथंच आणून लपवली असेल नाही तिच्या सखीनं? बापानं नको तिथं लग्न ठरवलं, तर सखीनं हात धरून पळवूनच आणली की. केवढी धीट बाई!” आणि माझ्या दंडाला धरून म्हणाली, “तसं मला तुम्ही आणलंत.”

“मी कुठली आणतेय? तुमच्या नवऱ्यानं आणलंय. तेही मावळा होऊन.”

दादा पुढं हातवारे करत चालला होता. अमुक गड कसा घेतला, तमुक कडा कसा चढला. ऐकायला आम्ही दोघी आणि एक कुत्रं.

बुग्यालला पोचलो तेव्हा ऊन होतं. धर्मशाळेच्या पायरीवर बसून दादानं आणि मी दशम्या खाल्ल्या. वहिनी आमच्याकडे पाठ करून बसली, म्हणजे आम्हाला अवघडायला नको. मी झऱ्यावर बाटली भरून आणली. तिचे ओठ सुकले होते, पण मुद्रा प्रसन्न होती. तरी मी म्हटलं, “दादा, इथं राहू या. पूजा इथंच मांडू. शंकर काय, इथंही आहेच.”

“नवस डोंगरावरचा आहे. हा काय डोंगराचा पाय,” वहिनीच म्हणाली.

“शाब्बास!” दादा म्हणाला.

वर सोंडेवरून वाट होती. दोन्ही बाजूंना दरी, मधून दगडांची चढण, आणि थोड्याच वेळात धुकं आलं. तेही भिजवणारं. रेनकोटाच्या आत घाम आणि बाहेर गारठा. तासाभरात माझं डोकं ठणकायला लागलं. दहा पावलं टाकली की दम लागायचा. दादाही बोलायचा थांबला होता, पण देवानं त्याला फुप्फुसं चांगली दिली होती. तो चालायचा, थांबायचा, बाटलीतून घोटभर घ्यायचा आणि पुन्हा चालायचा.

वहिनी मागं पडायला लागली. मी थांबून तिला पुढं घेतलं. ती दारू प्यायल्यासारखी चालत होती, एक पाय इकडं, एक तिकडं. चपलेचा अंगठा तुटला होता आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. मी हाक मारली, तर तिनं उशिरा वळून बघितलं.

“वन्सं, माझं डोकं कुणीतरी आवळतंय,” ती म्हणाली आणि खाली बसून ओकायला लागली. पोटात काहीच नव्हतं. नुसते कोरडे उमासे येत होते आणि तोंडातून लाळसुद्धा पडत नव्हती.

मी नाडी बघितली. पळत होती, आणि बोटाखाली सुतासारखी. नखं काळीनिळी. जीभ बाहेर काढायला लावली, ती लाकडासारखी कोरडी. हाताचं कातडं चिमटीत धरून सोडलं तर तसंच उभं राहिलं. असे रोगी मी वॉर्डात पाहिले होते. त्यांतले काही घरी गेले होते, काही गेले नव्हते.

“दादा!” मी ओरडले. “इकडे ये! हिला पाणी हवंय. आणि आत्ताच्या आत्ता खाली न्यायला हवी.”

दादा खाली आला. त्याच्याही चेहऱ्यावरचा रंग उडाला. “बाटली संपली गं,” तो म्हणाला. उलटी करून दाखवली. माझ्या वाट्याचंसुद्धा त्यानं संपवलं होतं.

तेवढ्यात धुकं फाटलं. वर, फार तर अर्ध्या तासावर, देवळाचा दगडी कळस आणि त्यावरचं तांबडं निशाण दिसलं. दादानं तिकडं बघितलं आणि त्याचे डोळे तिथंच राहिले.

मी वहिनीच्या कडेचा तांब्या सोडवला, फडक्याची गाठ दातांनी सोडली आणि फिरकी उघडली. “प्या.”

“अभिषेकाचं आहे ते.”

“असू दे.”

“माझं व्रत मोडेल, वन्सं.”

“इंदू,” मी म्हटलं. मी तिला नावानं कधी हाक मारली नव्हती. “तू पाणी प्यायली नाहीस, तर इथंच मरशील. मी नर्स आहे, मला कळतं.”

तिनं माझ्याकडे बघितलं. तिला पटलं होतं. पण तिनं तांब्याला हात लावला नाही. मान वर करून तिनं दादाकडे बघितलं.

आणि मला एकदम हायसं वाटलं, कारण वाट सापडली होती. आमच्या घरात त्या व्रताला एक पळवाट होती. आई कडक होती, पण एका साली हरतालिकेलाच तिला घेरी आली आणि बाबांनी आपल्या हातानं तिला पाणी पाजलं. तेव्हापासून आई सांगायची, ‘नवऱ्यानं हातानं पाजलं की ते पाणी नव्हे, तीर्थ. त्यानं व्रत मोडत नाही.’ वहिनीला ते ठाऊक होतं. दादाला तर लहानपणापासून पाठ होतं. त्याच गोष्टीवर तो गल्लीतल्या बायकांना चिडवायचा, की मग सगळ्याच नवऱ्यांनी तांब्या घेऊन दारात उभं राहावं.

“अहो,” वहिनी म्हणाली. आवाज फुटत नव्हता. “तुम्ही म्हणालात तर पिते.”

बस्स. एवढंच त्यानं म्हणायचं होतं. ‘पी’ म्हणायचं आणि तांब्या तिच्या ओठाला लावायचा. मी तांब्या त्याच्यापुढं धरला. मला वाटलं, आता हा हसेल, काहीतरी फटकळ बोलेल, म्हणेल, वेडे, हे काय विचारणं झालं?

दादानं तांब्या घेतला नाही. निशाणाकडे बघत राहिला.

“दादा!”

“अगं, कळस दिसतोय,” तो हळूच म्हणाला. “एवढं केलंच आहेस इंदू, तर आता थोडक्यासाठी कशाला… मी हात धरतो. पूजा झाली की लगेच…”

वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं माझ्या हातातून तांब्या घेतला. दोन्ही हातांनी धरून वर केला आणि घटाघटा पाणी प्यायली. हनुवटीवरून ओघळलं, स्वेटरवर सांडलं, तरी थांबली नाही.

“अगं, अगं, देवाचं आहे ते!” दादा पुढं झाला आणि त्यानं तांब्या तिच्या हातातून काढून घेतला. हिसकला असं मी म्हणत नाही. काढून घेतला. आत बघितलं, हलवून बघितला. तळाशी थोडं उरलं होतं. त्यानं फिरकी घट्ट लावली.

“मी वर जाऊन येतो,” तो म्हणाला. “नवसाचं आहे. अर्धवट सोडणं बरं नाही. नमे, तू हिला घेऊन हळूहळू खाली हो. मी गाठतो तुम्हाला.”

“तू आम्हाला इथं सोडून वर चाललास?”

“हा काय, आलोच.”

आणि तो गेला. पांढरे बूट केव्हाच चिखलाचे झाले होते. तरातरा गेला. माझ्या मनात आलं, गड्याला माथा गाठायचाय. आयुष्यभर गडाच्या गप्पा मारल्या, आता इतक्या वर येऊन माघारी कसा फिरेल? हट्टीच तो लहानपणापासून. मी त्याला हट्टी म्हणून शिव्या घातल्या, आणि त्या दिवशी तेवढ्याच घातल्या.

वहिनीला मी कसं खाली आणलं ते माझं मला ठाऊक. तिचा हात गळ्यात घेतला आणि एकेक दगड बसत बसत उतरले. बरीच खाली आल्यावर देवळात शिधा पोचवून रिकामं खेचर घेऊन येणारा एक माणूस भेटला. मी काही बोलायच्या आधीच त्यानं वहिनीला उचलून खेचरावर बसवलं आणि तिच्यामागं एक हात लावून चालू लागला. धर्मशाळेत पोचल्यावर मी तिला मीठ-साखरेचं पाणी पाजलं, चमच्याचमच्यानं. ती प्यायली. नको म्हणाली नाही, व्रताचं नाव काढलं नाही. घोंगडीखाली डोळे मिटून पडून राहिली. ओठांना रंग आला, नाडी भरली, तेव्हा कुठं मी भिंतीला टेकले.

दिवेलागणीला दादा आला. कपाळाला भस्माचे आडवे पट्टे, हातात बेल आणि तांब्या. मी तोंड फिरवलं. तो चुलीपाशी बसला, बूट काढले, पाय शेकले. बराच वेळ चुळबुळत होता. मग सरकत सरकत माझ्याजवळ आला.

“नमे.”

“काय?”

“काही होणार नाही ना गं?”

मला वाईट वाटलं. म्हटलं, शेवटी घाबरलाच की. पुरुषांना दाखवता येत नाही, एवढंच. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “नाही. पाणी वेळेवर पोटात गेलं, वेळेवर खाली आली. उद्यापर्यंत उठून बसेल.”

“हो, ते…” दादा म्हणाला. त्यानं मागं वळून वहिनीकडे बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. “ते नव्हे. व्रत मोडलं ना तिनं. माझ्यासाठी बोललेला नवस होता. मी उरलेलं पाणी पिंडीवर घातलं, क्षमा मागितली, नाक घासलं. पुजारी म्हणाला, चालेल. तरी म्हटलं, तुला विचारावं. मला काही होणार नाही ना?”

चुलीत ओली लाकडं फसफसत होती. माझा हात अजून त्याच्या पाठीवर होता. मी तो काढून घेतला. मला माझ्या सख्ख्या भावाची किळस आली. ज्याला मी तीन आठवडे मांडीवर घेऊन सूप पाजलं, ज्याचं अंग पुसलं, त्याची किळस. गल्लीतल्या बायकांना हसणारा हा माणूस मनातून त्यांच्याहून जास्त भ्यालेला होता. बायका निदान स्वतः उपाशी राहत होत्या.

मी काही बोलणार एवढ्यात माझी नजर घोंगडीकडे गेली. वहिनीचे डोळे उघडे होते. ती आढ्याकडे बघत होती. मी बघतेय हे कळल्यावर तिनं डोळे मिटले.

पुढच्या साली हरतालिकेला मी वाईला होते. सकाळीच गल्लीतल्या बायका वहिनीला बोलवायला आल्या. तिनं दारातूनच हसून सांगितलं, “माझं उद्यापन झालं. हिमालयात.” बायकांनी हात जोडले. एकीनं तर पायावर डोकं ठेवलं. कुठल्या बाईला असं भाग्य येतं? दादानं वर्षभर ठिकठिकाणी सांगितलं होतंच, ‘आमच्या हिनं निर्जळी चढाई केली, मावळ्यांना लाजवील अशी.’ भाषणातला तो किस्सा त्याचा ठरलेला झाला होता. वहिनी समोर बसलेली असली, तरी तो सांगायचा. ती मान खाली घालून ऐकायची.

त्या दुपारी वहिनीनं तीन पानं मांडली. वरण, भात, अळूचं फदफदं, कोशिंबीर, आणि प्रत्येक पानाशी पाण्याचा पेला. दादाला वाढलं, मला वाढलं, मग आपल्या पानावर बसली. आधी पेला उचलला. दादाकडे बघितलं आणि त्याच्याकडे बघत बघत सगळं पाणी प्यायली. शेवटच्या थेंबापर्यंत. पेला खाली ठेवला.

“जेवा ना,” म्हणाली. “भात निवतोय.”

दादाचा हात वरणातच राहिला. जेवणानंतर तो शाळेतही परत गेला नाही, ओट्यावरही बसला नाही. पलंगावर पडून छातीवर हात ठेवून होता. संध्याकाळी मला म्हणाला, “नमे, जरा नाडी बघ गं.” मी बघितली. घोड्यासारखी ठणठणीत होती. 

वहिनीनं आयुष्यात कुणाला दुखावलं असेल तर ते एवढंच. दरसाल एक दिवस, एक पेला पाणी. बाकीचे सगळे दिवस त्याचा डबा, त्याचे कपडे, त्याच्या पाहुण्यांचा चहा, सगळं पूर्वीसारखं. मात्र मला वन्सं म्हणताना तिनं पुन्हा कधी पदर ओढून नाटक केलं नाही. दरसाल हरतालिकेला दादाचं तोंड उतरायचं, आणि दुसऱ्या दिवशी गणपती आला की तो पुन्हा गडांबद्दल बोलायला लागायचा. त्याला काही झालं नाही. साधी सर्दीसुद्धा नाही. म्हातारा झाला, तरी खणखणीत.

गेली ती वहिनी. बारा वर्षांनी, श्रावणात, स्वयंपाकघरात कणीक मळता मळता. मी पोचले तेव्हा तिला ओसरीवर घेतलं होतं. सवाष्ण गेलेली, त्यामुळे बायकांनी थाटच केला होता. हिरवं पातळ, हिरवा चुडा, कपाळभर कुंकू, गळ्यात हार. अर्धी गल्ली ओटी भरायला लोटली होती.

“भाग्याची गं बाई!” शेजारच्या गोदाक्का रडत रडत म्हणत होत्या. “नवऱ्याच्या आधी, भरल्या कपाळानं गेली. हिमालयात जाऊन केलेलं व्रत ते. फळल्याशिवाय राहतंय होय?”

“निर्जळी केलं होतं बाईनं,” दुसरी म्हणाली. “थेंबसुद्धा घेतला नाही म्हणे.”

मी दादाकडे बघितलं. तो खांबाला धरून उभा होता. त्यानं ऐकलं. मी ऐकलंय हेही त्याला दिसलं. त्यानं मान खाली घातली, पण एवढ्या बायकांत एक शब्द काही तो बोलला नाही. मीही नाही बोलले. कुणाला सांगायचं होतं? तिला सगळं ठाऊक होतं.

“यजमान, तोंडात पाणी घाला,” भटजी म्हणाले.

दादा देवघरात गेला आणि फिरकीचा तांब्या घेऊन आला. त्यात गंगा होती, त्याच वारीतली, हरिद्वारला भरून आणलेली. तो तिच्या उशाशी गुडघे टेकून बसला. फिरकी जाम झाली होती, त्याला उघडेना. भटजींनी उघडून दिली. दादानं पळीत पाणी घेतलं आणि ओणवा होऊन तिच्या ओठांशी धरलं.

“इंदू,” तो म्हणाला. “पी.”

पाणी तिच्या तोंडात गेलं नाही. ओठांच्या कोपऱ्यातून ओघळलं आणि मानेवरून हिरव्या पातळात उतरलं. मी पदर घेऊन ते पुसलं.